जागा क्रमांक चार

नागपूर
४ मार्च २०२५

आदरणीय मुखरूकाका,

सप्रेम जय भीम.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानं रचता, म्हणून बाबा म्हणाले की पत्रच लिही. माजरीच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत तुमच्याइतकी पत्रं कोणी लिहिली नाहीत आणि तुमच्याइतकं शेजारच्या घरी कोणी जेवलं नाही, असंही ते म्हणाले. खोकला सोडला तर ते बरे आहेत.

जानेवारीत तुम्ही आमच्या टीमला चिचघाटला अकरा दिवस सांभाळलंत, त्याचे आभार राहिले होते. ते काम आता संपलं. प्राणहितेचं पात्र खोल करून त्यातून कोळशाचे आणि लोहखनिजाचे मोठे बार्ज खाली गोदावरीपर्यंत न्यायचे, हे तुम्हाला माहीत आहेच. आधी लहान बोटी नेणार होते, आता दोन हजार टनांचे बार्ज म्हणतात. त्यांना बारमाही तीन मीटर पाणी लागतं. म्हणजे रेती उपसायची आणि आडवे खडक फोडायचे. त्यानं नदीचं आणि माणसांचं काय होईल, हे तपासणारा अहवाल आमच्या ऑफिसकडे आहे. त्यातलं मासे आणि मासेमारीचं प्रकरण माझं. शेवटच्या पानावर माझी सही आहे. तीन वर्षं दुसऱ्यांच्या नावानं लिहिलं, हे पहिलं माझ्या नावानं.

आता आनंदाची बातमी. उपसलेली रेती आणि फोडलेला दगड टाकायला नदीकाठी सात जागा ठरल्या आहेत. त्यातली जागा क्रमांक चार इंजिनियर लोकांनी थेट तुमच्या रेतीतल्या खरबुजांच्या डांगरवाडीवर आखली होती. मी दोन मिटिंगा भांडले आणि ती हलवली. आता सगळा माल नदीतल्या हत्तीडोहात जाईल. तुमच्या गावच्या तेवीस जणांनी तेवीस फॉर्मवर एकच उत्तर दिलं होतं, "तिथी कोनी जाळं टाकत नाई." तुम्ही शेजारी बसून मान डोलावत होतात. खोल आहे, माल मावेल आणि कोणाच्या पोटावर पाय येणार नाही. तुमची डांगरं वाचली, काका. या वर्षी एक मला ठेवा.

६ मे रोजी तालुक्याच्या गावी जनसुनावणी आहे. अहवालाचा मराठी सारांश सोबत पाठवते आहे.

तुमची,
दिव्यानी


चिचघाट
१५ मार्च २०२५

चि. दिव्यानीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या बाबाला माझा जय भीम आणि खोकल्यासाठी अडुळशाचा काढा सांग. तो पिणार नाही, पण सांग.

पत्र बिरजू पोस्टमननं होळीच्या आदल्या दिवशी आणून दिलं. तुझं नाव छापलेलं पान मी तुझ्या कमळाकाकूला वाचून दाखवलं. तिला आनंद झाला. मलाही झाला. आमच्या अंगणात चड्डीवर फिरणारी पोरगी आता नदीचा अहवाल लिहिते, म्हणजे आम्ही म्हातारे झालो हे नक्की.

डांगरवाडीसाठी तू भांडलीस, हे वाचून मन भरून आलं. पण बाई, डांगराचं काय एवढं? पूर आला की ती रेती दरसाल जागा बदलते, आम्हीही तिच्या मागे वाडी बदलतो. साहेब लोकांना आधीची जागा सोयीची वाटत असेल तर माल तिथंच टाकू दे. मी अर्ज लिहून देतो. हत्तीडोह फार दूर पडेल, ट्रकला रस्ता नाही, तळाचा अंदाज नाही. उगाच तुमच्या लोकांना त्रास.

बाकी ठीक. मोहफूल या वर्षी उशिरा पडतं आहे. आलापल्लीची एसटी मध्येच बंद पडते आणि सगळ्यांना उतरून ढकलावी लागते, त्यामुळे गावची तब्येत चांगली आहे. जागेचं मात्र पाहा, जमलं तर लवकर पाहा.

तुझा,
मुखरूकाका


नागपूर
२२ मार्च २०२५

आदरणीय काका,

जय भीम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. स्वतःच्या वाडीवर दोन हजार ट्रक रेती मागून घेणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. रस्त्याची काळजी करू नका, माल पाण्यातून पाइपनं जाणार आहे.

मला वाटतं खरं कारण मला कळलं. डोहाच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड मी पाहिले होते. साती आसरांचं ठाणं आहे ना ते? तुम्हाला मला सांगायला संकोच वाटला असेल, की आम्ही हे मानत नाही म्हणून मी हसेन. मी हसत नाही. अहवालात श्रद्धास्थानांसाठी वेगळा रकाना असतो. दगड विधिपूर्वक वर सरकवून चौथरा बांधून देण्याची तरतूद मी सुचवू शकते. तेवढं चालेल का ते कळवा.

नाहीतर मला ठोस कारण द्या. अहवाल सादर झाला आहे, नोटीस पेपरात आली आहे. आता "तिथे नको" एवढ्यावर काही हलत नाही. ऑफिसचे सर विचारतील की तेवीस माणसं खोटं बोलली का, तर मी काय सांगू?

थोडं रागावून लिहिलं आहे. तुमच्यासाठी भांडले आणि तुम्हीच नको म्हणता, म्हणून.

दिव्यानी


चिचघाट
९ एप्रिल २०२५

चि. दिव्यानीस,

आशीर्वाद.

उत्तराला अठरा दिवस लागले. हे पत्र मी एकट्याच्या मनानं लिहू शकत नव्हतो. संस्थेची बैठक घ्यावी लागली. आमची मच्छीमार संस्था म्हणजे सत्तावन्न ढीवर घरं आणि अध्यक्ष सुकलूभाऊ. त्यांनी परवानगी दिली तेव्हा लिहायला बसलो.

तेवीस माणसं खोटं बोलली नाहीत. हत्तीडोहात कोणी जाळं टाकत नाही हे खरंच आहे. सुकलूभाऊच्या आज्यानंही टाकलं नाही. तू विचारलंस तेवढंच त्यांनी सांगितलं. का टाकत नाही, ते सांगितलं नाही.

डोह राखलेला आहे. चैत्रापासून नदी आटत जाते, वरखाली बारा-बारा किलोमीटर रेती उघडी पडते. तेव्हा नदीतला सगळा मासा त्या एका डोहात येऊन राहतो. मरळ, वाम, रोहू, झिंगे, सगळे. मृगात पाणी चढलं की तिथूनच वर नाल्यांत जातो आणि खाली नऊ गावांच्या जाळ्यांत येतो. डोहात जाळं टाकणं म्हणजे बियाण्याचं धान दळून खाणं. शेंदराचे दगड आहेत, ते पोरांनी ऐकावं म्हणून. दगड सरकवून काही उपयोग नाही.

आणि दुसरा नियम असा की बाहेरच्या माणसाला डोहातला मासा सांगायचा नाही. विचारलं तर एवढंच म्हणायचं की तिथं कोणी जात नाही. तुमची गाडी आली तेव्हा लोकांना वाटलं डोहाचा ठेका द्यायला सरकारी माणसं आली. सगळ्यांनी नियम पाळला.

मी का गप्प बसलो ते आता लिहितो. तुझ्या बाबालाही मी हे कधी सांगितलं नाही.

१९९७ साली मी माजरीला कामाला होतो. चहाच्या टपरीवर मासे घेणारा एक व्यापारी यायचा. कोणाच्या गावची मरळ मोठी यावर पैज लागली. मी छाती फुगवून म्हणालो, "आमच्या हत्तीडोहात मे महिन्यात हात घातला त मरळ हातात येते." डोह कुठं आहे तेही सांगितलं. त्या मे महिन्यात चार माणसं जिलेटिन घेऊन आली आणि त्यांनी डोह उडवला. एक टेम्पो भरून मासा नेला, त्याच्या तिप्पट पांढरा होऊन पाण्यावर तरंगत राहिला. पुढची दोन वर्षं नदीत मासा नव्हता. आमच्या बाया तेलंगणात मिरची तोडायला गेल्या. माझी वहिनी गेली ती तापानं तिकडेच वारली.

डोह मी सांगितला हे गावाला कळलं. कोणी मारलं नाही, वाळीत टाकलं नाही. मी निवृत्त होऊन परत आलो, घर बांधलं, सगळे बोलतात. पोस्टाची आणि बँकेची कामं माझ्याकडे देतात. पण नदीचं काही सांगत नाहीत. पाणी कुठं उतरलं, मासा कुठं दिसला, हे बोलणं चालू असतं आणि मी आलो की विषय भाताच्या भावावर जातो. अठ्ठावीस वर्षं झाली. म्हणून त्या दिवशी तुझ्याजवळ बसलो असताना ठरवलं होतं की या वेळी तोंड उघडायचं नाही. बोललो तेव्हा डोह गेला होता. गप्प राहिलो आणि तू त्यात रेती लिहिलीस. दोष तुझा नाही.

बैठकीत तुझं पत्र वाचून दाखवलं. मग मासे विकणारी सुकरीबाई म्हणाली, "लिव तिले सारं. आता लपवून कोनासाठी ठेवतं?"

तर लिहिलं. काय करता येईल ते सांग.

मुखरू


नागपूर
१३ एप्रिल २०२५

आदरणीय काका,

जय भीम.

उद्या जयंती. खाली पोरं पताका लावत आहेत आणि मी तुमचं पत्र घेऊन बसले आहे.

आधी राग लिहून टाकते, नाहीतर पुढचं सरळ लिहिता येणार नाही. अकरा दिवस मी तुमच्या घरी जेवले. संध्याकाळी फॉर्म तुमच्यासमोर मोजत होते. एकदा बाजूला घेऊन सांगितलं असतं तर मी ते कुठेही न छापता वाचवलं असतं. तुम्हाला मी बाहेरची वाटले, हे लागलं.

पण चूक माझीही आहे आणि ती मोठी आहे. मी विचारलं की इथे मासेमारी होते का. इथे मासे आहेत का, हे मी विचारलंच नाही. फॉर्ममध्ये तो प्रश्न नव्हता आणि मी फॉर्मच्या बाहेर गेले नाही. जानेवारीत भरल्या नदीवर पाहणी केली आणि त्यावरून मे महिन्याचं लिहिलं. तुमच्या लोकांनी नाव डोहात न्यायला नकार दिला, तर मी "खोलीमुळे स्थानिकांना भीती" असं लिहून मोकळी झाले. ते वाक्य आता वाचवत नाही.

काल सरांशी बोलले. ते म्हणाले, तेवीस फॉर्म सह्या-अंगठ्यांसह आहेत, सुनावणीत लोक उलटं बोलले तर प्रकल्पाचा वकील ते फॉर्म दाखवेल, विषय संपला. मी म्हटलं, मी दुरुस्ती करते. ते म्हणाले, पुराव्याशिवाय दुरुस्ती करशील तर आधीचा अहवाल काय झोपेत लिहिलास असं विचारतील, आणि पुढच्या वर्षी तुझं कंत्राट वाढवायचं आहे हे लक्षात ठेव.

पुरावा एकच. एप्रिलमध्ये त्या डोहात जाळं टाकून, जे येईल ते मोजून, फोटो काढून परत सोडायचं. चंद्रपूरच्या कॉलेजात राजदीप सर मासे शिकवतात. ते फुकट यायला तयार आहेत. आमच्या ऑफिसशी त्यांचा संबंध नाही, म्हणून त्यांचा कागद चालेल. पण जाळं तुमच्या माणसानं टाकलं पाहिजे, आणि तुमच्या संस्थेचा ठराव पाहिजे.

मी काय मागते आहे हे मला कळतं. जे तीन पिढ्यांत कोणी केलं नाही ते मागते आहे. शिवाय सुनावणीत हे बोललं की छापून येईल. मग डोह लपून राहणार नाही. दोन्ही गोष्टी बैठकीत स्पष्ट सांगा. तुमचं "नाही" आलं तरी मी ६ तारखेला उभी राहून चूक कबूल करेन, पण हातात काही नसेल.

दिव्यानी


चिचघाट
२४ एप्रिल २०२५

चि. दिव्यानीस,

अनेक आशीर्वाद. बाहेरची वाटलीस म्हणून नाही, बाई. मला माझ्याच तोंडाचा भरवसा नव्हता. रागाचा तुझा हक्क आहे, तो ठेव.

बैठक दोन दिवस चालली. पहिल्या दिवशी सुकलूभाऊ उठून गेले. ते म्हणाले, "रेती टाकतीन त त्याइच्या पापानं टाकतीन. जाळं टाकलं त आपल्या पापानं." अर्धे लोक त्यांच्यामागे गेले. मलाही ते बरोबर वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुकरीबाईनं सगळ्यांना पुन्हा बसवलं. तिचं म्हणणं असं होतं, "मी साठ वर्सं मासा विकला. बाया गेल्या मिरचीत, तवा मी पाह्यलं नदी रिकामी कशी असते. जाळ्याचं पाप धुता येते. डोह बुजला त पाप धुवाले पानी कुठी आनान?" शेवटी सुकलूभाऊ म्हणाले, "बरं. पन जाळं कोन टाकन?"

कोणी पुढे होईना. मी म्हटलं, "मी टाकतो. माझं नाव तसंही खराबच आहे." कोणी नाही म्हटलं नाही, हे तुला खरं सांगतो.

२१ तारखेला राजदीप सर आले. चांगला माणूस आहे, आल्या आल्या चप्पल काढून ठेवली. सकाळी सात वाजता सगळं गाव काठावर उभं होतं. सात-आठ गावांची माणसंही आली होती. माझी जाळ्याची सवय मोडलेली. गावात राहूनही खोल पाण्यात मला कोणी नेत नव्हतं. पहिलं फेकजाळं उघडलंच नाही, गाठोडं होऊन पडलं. पोरं हसली असती, पण हसली नाहीत. दुसरं टाकलं ते नीट पसरलं.

ओढताना मला वाटलं खडकात अडकलं. चार जणांनी हात लावला. सरांनी ड्रममध्ये पाणी भरून ठेवलं होतं. एका जाळ्यात चौदा जातींचे मासे, त्र्याण्णव नग. मरळीच्या माद्या अंड्यांनी भरलेल्या. सरांनी यादीत पाहून सांगितलं की त्यातल्या दोन जाती या नदीत नाहीतच असं तुझ्या अहवालात लिहिलं आहे. सरांनी सगळं लिहून घेतलं. त्यांनी डोहाच्या खालच्या अंगाचा आडवा खडकही मापला. डोहाचं पाणी त्या आडव्या खडकानंच अडलेलं आहे आणि तो खडक बोटींसाठी फोडायच्या यादीत आहे. म्हणजे रेती नाही टाकली तरी खडक फोडला की डोह वैशाखात रिकामा.

वीस मिनिटांत सगळं परत सोडलं. एक मरळ मेली. ती कोणी खाल्ली नाही.

सरांचा कागद आणि ठराव सोबत आहे. ठरावावर सत्तावन्न घरांच्या सह्या आहेत. त्या तेवीस जणांनी खाली वेगळं लिहिलं आहे की आम्ही तेव्हा जे सांगितलं ते खरं होतं आणि पूर्ण नव्हतं.

मुखरूकाका


नागपूर
८ मे २०२५

आदरणीय काका,

जय भीम.

तुम्ही सुनावणीला नव्हता. सुकलूभाऊ म्हणाले की डोहाजवळ कोणीतरी बसायला हवं होतं. म्हणून काय झालं ते लिहिते.

मंडपात हजारावर माणसं होती. बार्जमुळे किती नोकऱ्या येतील ते आधी सांगितलं गेलं, आणि ते ऐकायला आलेली पोरंही पुष्कळ होती. त्यांना मी दोष देत नाही. वकिलानं फॉर्म दाखवायच्या आधीच मी माइक मागितला. ऑफिसच्या सरांना वाटलं मी सारांश वाचणार. मी म्हटलं, "प्रकरण सहा मी लिहिलं आहे आणि ते चुकीचं आहे." मग सगळं सांगितलं. माझा प्रश्न कसा चुकला, पाहणी कोणत्या महिन्यात केली, राजदीप सरांनी काय मोजलं. बाबा पहिल्या रांगेत खोकत बसले होते आणि मला न सांगता आले होते.

वकिलानं विचारलं, "म्हणजे गावकऱ्यांनी तुम्हाला फसवलं?" मी म्हटलं, "त्यांनी डोह वाचवला. त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं." त्यानंतर सुकरीबाई बोलल्या. त्या काय बोलल्या ते तुम्ही गावात ऐकलंच असेल.

निकाल असा. जागा क्रमांक चार यादीतून काढली. ते इतिवृत्तात आलं आहे. खडक फोडण्याचा निर्णय झालेला नाही. त्याआधी तीन ऋतूंची नवी पाहणी करायची, असं परवानगी देणाऱ्या समितीला कळवणार आहेत. म्हणजे एक वर्ष मिळालं. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही आणि खोटा धीर मी देणार नाही.

नवी पाहणी आमचं ऑफिस करणार नाही. माझं कंत्राटही वाढणार नाही, कालच सांगितलं. सर ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, तुझी सही होती, तू ती शिस्तीत काढून घेतलीस. रात्रभर रडले, मग झोप लागली. राजदीप सरांनी कॉलेजात तासिकेवर बोलावलं आहे.

पेपरात डोहाचं नाव आणि फोटो दोन्ही आले आहेत. मला त्याची भीती वाटते. तिकडे काय आहे ते कळवा.

दिव्यानी


चिचघाट
२ जून २०२५

चि. दिव्यानीस,

अनेक आशीर्वाद. तुझी नोकरी गेली हे वाचून कमळा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर आहे. तुझ्या बाबाचं पत्र आलं. त्यात एकच ओळ आहे, की पोरगी उभी राहिली तेव्हा तुझी आठवण आली.

तुझी भीती खरी ठरली. पेपर आल्यानंतर नवव्या दिवशी दोन जीपा आल्या. माणसं म्हणाली की फिरायला आलो. फिरायला येणारा माणूस बर्फाचे डबे आणत नाही. चाळीस-पन्नास जण काठावर जाऊन नुसते बसले. ते तासभर थांबले आणि गेले. पुन्हा येतील.

मी आयुष्यात दोनदा डोह सांगितला. एकदा फुशारकीसाठी आणि एकदा गरजेसाठी. माशाला त्यात काही फरक पडत नाही, लोक दोन्ही वेळा आले. हे मला रोज टोचतं. पण या वेळी ते आले तेव्हा डोह होता आणि राखायला माणसं होती. रेतीखाली गेला असता तर कशाच्या काठावर बसलो असतो?

परवा संस्थेनं पहारा ठरवला. पाऊस लागून पाणी चढेपर्यंत दिवसा चार आणि रात्री सहा माणसं. सुकलूभाऊ वही घेऊन नावं लिहीत होते. मी नेहमीसारखा मागे बसलो होतो, अर्ज वगैरे लिहायचा असेल तर सांगतील म्हणून. त्यांनी वही माझ्याकडे दिली नाही, स्वतःच मोठ्यानं वाचायला लागले. कान कमी म्हणून मला नीट ऐकू आलं नाही. शेजारच्या लटारूनं माझा खांदा हलवला आणि कानाशी येऊन म्हणाला, "उठ ना भाऊ. पयलं नाव तुहंच हाये."

तुझा,
मुखरूकाका